गुरू दूर राहिला तेव्हा : गांधीजी, विनोबा आणि वर्धा (थ्रेड)

‘मेंटॉर’, ‘करिअर कोच’ हे शब्द आता तरुणांच्या बोलण्यात चांगलेच रुळले आहेत. शब्द नवे असले तरी गोष्ट जुनी आहे. तालमीत वस्ताद असे, गायकीत गुरुजी असत, कीर्तनात बुवा असत. जाणत्या माणसाच्या हाताखाली काम केल्याने एखाद्याच्या आयुष्याची दिशा किती बदलते, याचे उत्तम नोंदलेले उदाहरण वर्धा जिल्ह्यात आहे. मात्र ते बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने सांगितले जाते. हा थ्रेड त्या उदाहरणाचा आहे.

विनोबा भावे म्हणजे गांधीजींचे पट्टशिष्य, हे शाळेत सगळेच शिकतात. सेवाग्राम आणि पवनार एकाच जिल्ह्यात, काही मैलांच्या अंतरावर. त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात आपोआप एक चित्र तयार होते : गुरू शिकवत आहेत, शिष्य शेजारी बसून ऐकत आहे, आणि अशी वर्षांमागून वर्षे जात आहेत.

तारखा पाहिल्या की हे चित्र टिकत नाही. विनोबा वर्ध्याला आले ते ८ एप्रिल १९२१ रोजी. गांधीजी वर्ध्यात राहायला आले १९३४ च्या सुमारास, आणि शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, १९३६ साली. मधली तेरा वर्षे शिष्य वर्ध्यात होता आणि गुरू साबरमतीला, येरवड्याच्या तुरुंगात किंवा देशभरच्या दौऱ्यांत होते. पत्रे येत-जात, अधूनमधून गांधीजींचा मुक्कामही होई. पण रोजचा सहवास नव्हता. विनोबांची खरी घडण याच तेरा वर्षांत झाली.

पण ती समजायची तर थोडे मागे जावे लागते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातील (आताच्या रायगडमधील) गागोदे गावचा. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला. मुलाची गणितात असामान्य गती, आणि तितकीच असामान्य बेफिकिरी परीक्षांबद्दल. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या देखत चुलीत घातली. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. फेब्रुवारीत गांधीजींनी काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात केलेले खळबळजनक भाषण त्याने तिथे वाचले, पत्र लिहून शंका विचारल्या, आणि उत्तरादाखल निमंत्रण आले : प्रत्यक्ष येऊन पाहा.

७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पहिली भेट झाली. गांधीजी त्या वेळी भाजी चिरत बसले होते. त्यांनी नवागताच्या हाती एक सुरी दिली आणि त्यालाही कामाला बसवले. एवढा प्रसिद्ध माणूस असले काम करतो, हे विनोबा प्रथमच पाहत होते. पुढे ते स्वतः हा आपला पहिला धडा म्हणून सांगत. ब्रह्मजिज्ञासेने आलेल्या वीस वर्षांच्या मुलाशी गांधीजी ब्रह्मावर बोलले नाहीत. प्रकृती इतकी अशक्त का, याची मात्र त्यांनी चौकशी केली.

जो शिकवणार आहे त्याने आधी समोरच्याची उणीव कुठे आहे ते ओळखावे लागते. या मुलाला ज्ञानाची भूक होतीच, तिला खतपाणी घालण्याची गरज नव्हती. कमी होती ती शरीरश्रमाची. म्हणून दळणे, कातणे, विणणे, पाखाना-सफाई, स्वयंपाक. संस्कृतच्या व्यासंगी तरुणाचा आश्रमातला दिवस असा जाई.

यानंतर घडली ती गोष्ट मार्गदर्शनाच्या प्रचलित कल्पनेला धक्का देणारी आहे. वर्षही पुरते झाले नव्हते, तोच शिष्याने वर्षभराची रजा मागितली. प्रकृती सुधारायची होती आणि शास्त्राध्ययनही करायचे होते. गांधीजींनी रजा दिली. विनोबा वाईला गेले आणि प्राज्ञपाठशाळेच्या नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, शांकरभाष्य वाचत बसले. (हेच नारायणशास्त्री पुढे स्वामी केवलानंद सरस्वती म्हणून ओळखले गेले, मीमांसाकोश आणि धर्मकोश या प्रचंड उपक्रमांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.) थोडक्यात, एका गुरूने आपल्या शिष्याला दुसऱ्या गुरूकडे जाऊ दिले, आणि तेही अशा विषयासाठी की जो आपण शिकवू शकत नाही हे त्याला ठाऊक होते.

वाईहून विनोबांनी वर्षभराचा हिशेब देणारे लांबलचक पत्र पाठवले : काय वाचले, किती चाललो, कोणती व्रते पाळली, विद्यार्थ्यांना काय शिकवले, वाचनालयासाठी पैसे उभे करायला दळण कसे दळले. ते वाचून गांधीजींच्या तोंडून निघाले ते उद्गार नाथपंथाच्या कथेतले होते. गोरखाने मच्छिंद्राला हरवले, अशा अर्थाचे. मराठी वाचकाला ही कथा सांगायला नको. मोहात अडकलेल्या गुरूला सोडवायला शिष्य जातो, ती ही जोडी. आपल्या हाताखालच्या बावीस वर्षांच्या मुलाबद्दल असे म्हणण्याला मन मोठे लागते.

वर्ष संपले त्याच दिवशी विनोबा आश्रमात परत हजर झाले. गांधीजींना त्यात सत्यनिष्ठा दिसली. विनोबांनी ती गणितनिष्ठा असल्याचे सांगितले म्हणतात.

आता वर्धा.

सीकरच्या मारवाडी घराण्यातले, वर्ध्याला दत्तक आलेले जमनालाल बजाज यांनी गांधीजींना वडील मानले होते. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी आपल्याला पाचवा मुलगा म्हणून स्वीकारा, अशी विनंती केली होती. साबरमतीसारखा सत्याग्रहाश्रम वर्ध्यालाही हवा, हा जमनालालजींचा आग्रह. त्यासाठी विनोबांची निवड झाली. वय पंचवीस. सोबत काही विद्यार्थी.

सगळ्यात कसाचा माणूस स्वतःजवळ ठेवावा, हा कोणत्याही नेत्याचा सहज कल असतो. त्याच्या असण्याने आपले काम हलके होते, चर्चेला जोड मिळते, शिवाय तो डोळ्यांसमोर राहिला की आपल्याच मुशीतून तयार होतो. विनोबा साबरमतीला राहिले असते तर गांधीजींचे उत्तम चिटणीस झाले असते, कदाचित त्यांच्या विचारांचे सर्वांत समर्थ भाष्यकारही. पण भूदानाचा विनोबा त्यातून निघाला नसता. पुढचे आयुष्य पाहता, वर्ध्याला पाठवण्याचा निर्णय हाच गांधीजींनी विनोबांना दिलेला सर्वांत मोठा धडा ठरतो. त्यात उपदेशाचा एक शब्दही नव्हता.

वर्ध्यात काय झाले? आश्रमाची जागा काही वेळा बदलली. १९२३ साली ‘महाराष्ट्र धर्म’ निघाले, आधी मासिक, मग साप्ताहिक. त्यातले विनोबांचे लेखन म्हणजे मराठी निबंधाचा एक वेगळाच नमुना. वाक्ये आखूड, व्युत्पत्तीची हौस, विनोद कोरडा. त्याच वर्षी नागपूरचा झेंडा सत्याग्रह झाला आणि विनोबा नागपूर-अकोल्याच्या तुरुंगांत गेले. पुढे वायकोमच्या सत्याग्रहाची पाहणी करायला गांधीजींनी त्यांनाच केरळात धाडले. १९२८ मध्ये जमनालालजींनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले, तेव्हाही विनोबा पुढे होते. ऑक्टोबर १९३० ते फेब्रुवारी १९३१ या काळात ‘गीताई’ लिहून झाली. संस्कृत गीता न कळणाऱ्या आईची जुनी इच्छा तिच्यामागे होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्यातून आले.

या यादीत गांधीजींनी ‘करायला सांगितलेले’ किती आहे, ते मोजून पाहावे. वायकोमची पाहणी सांगितलेली. आश्रम आणि खादी ही चौकट त्यांचीच. बाकी गीताई, धुळ्याची प्रवचने, ‘महाराष्ट्र धर्म’ची शैली, यांतले काहीही साबरमतीहून आलेले नाही. चौकट गुरूची, भरणा शिष्याचा.

कुस्तीत म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. इथे राखलेला डाव दिसत नाही. उलट शिष्याचे प्रयोग गुरूच्या कामाला आकार देऊ लागले. १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला गेले. कातणाऱ्या बाईला मजुरी मिळते, तेवढ्यावरच आपण जगून पाहायचे असे त्यांनी ठरवले. तासन्‌तास कातूनही त्या मजुरीत पोट भरत नाही, हे त्यांच्या शरीरानेच सिद्ध केले. कातणाऱ्यांना जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, हा आग्रह गांधीजींनी १९३५ मध्ये चरखा संघात धरला आणि खादी महाग होण्याचा धोका पत्करून मजुरी वाढवायला लावली. नालवाडीचा प्रयोग त्यांच्या डोळ्यांसमोर होता. खादीच्या इतिहासात या घटनेकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही.

गांधीजी सेवाग्रामला आल्यावर अंतर कमी झाले. तरीही विनोबा तिथे राहायला गेले नाहीत. १९३८ पर्यंत त्यांची प्रकृती पार ढासळली होती. वजन ८८ पौंडांवर आले होते. गांधीजींनी बोलावून घेतले आणि हवापालट करण्याविषयी बजावले, थंड हवेची ठिकाणे सुचवली. विनोबांनी निवडले पवनार, वर्ध्याहून जेमतेम दोन-तीन कोसांवरचे, धाम नदीकाठचे जमनालालजींचे घर. गांधीजींनी एकच अट घातली : कामाचा विचारसुद्धा डोक्यातून काढून टाकायचा. मार्च १९३८ मध्ये धाम नदी ओलांडताना विनोबांनी मनोमन सगळ्या कामाचा संन्यास केला. प्रकृती सुधारली. विश्रांतीची आज्ञा देणे हेही मार्गदर्शकाचे काम असते, आणि बहुतेक जण ते विसरतात.

(इतिहासप्रेमींसाठी थोडे आडवळण : हेच पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. मनसरच्या उत्खननानंतर त्यावर वाद झाला. विनोबा तिथे जमीन खणत असताना भरत-रामाच्या भेटीचे शिल्प सापडले. ते आश्रमात आजही पाहता येते.)

मग १९४०. दुसऱ्या महायुद्धात भारताला न विचारता ओढले गेले, त्याविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह करायचा ठरले. पहिला सत्याग्रही कोण? देशाला वाटले, नेहरू किंवा पटेल. गांधीजींनी विनोबांना सेवाग्रामला बोलावून विचारले आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारमध्ये युद्धविरोधी भाषण करून विनोबांनी सत्याग्रह सुरू केला. नेहरूंचे नाव दुसरे होते. तोवर विदर्भाबाहेर विनोबांना ओळखणारे फार थोडे. म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये हा माणूस कोण, हे सांगणारा लेख लिहिला. त्यात संस्कृतच्या पांडित्याबरोबर भंगीकामापासून स्वयंपाकापर्यंतच्या आश्रमातल्या कामांचा आणि टकळीवरच्या प्रभुत्वाचा उल्लेख आहे.

कोचरबची सुरी हातात आली जून १९१६ मध्ये. देशासमोर नाव आले ऑक्टोबर १९४० मध्ये. चोवीस वर्षे. इतका काळ गांधीजींनी आपल्या सर्वांत तयार शिष्याला प्रसिद्धीच्या उजेडात आणले नाही. आजच्या घाईच्या जमान्यात कोणी याला अन्याय म्हणेल. पण त्या काळात विनोबांच्या कामाला टाळ्यांची गरजच पडली नव्हती, आणि ज्याला ती पडत नाही अशाच माणसाला पुढे तेरा वर्षे पायी हिंडता येते.

इथपर्यंतची कहाणी गौरवाची आहे आणि बहुतेक लेखन इथेच थांबते. पण या नात्याची दुसरी बाजू गुरू गेल्यानंतर दिसते.

३० जानेवारी १९४८ नंतर विनोबांना ‘हे करू का?’ असे विचारायला कोणी उरले नाही. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला गेले. तिथून तेलंगणात फिरताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीच्या दलित वस्तीत जमिनीची मागणी पुढे आली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. तिथून भूदान सुरू झाले. या क्षणी विनोबा पूर्णपणे स्वतंत्र होते. गांधीजींच्या कोणत्याही कार्यक्रमात भूदान नव्हते. परवानगीची सवय लागलेल्या शिष्याने त्या रात्री पवनारला पत्र लिहून सहकाऱ्यांचे मत मागवले असते. विनोबांना १९२१ पासून एकट्याने निर्णय घेण्याची सवय होती.

आणि नेमके तेच पुढे उणेही पडले. देशभरातून ४० लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. त्यातली बरीच पडीक, खडकाळ, वादातली किंवा कागदावरचीच होती, आणि मोठा भाग कधीच भूमिहीनांच्या हाती पोचला नाही. नैतिक प्रेरणा अफाट, हिशेबाची यंत्रणा तोकडी. विनोबा गावोगाव पुढे जात राहिले; मागे राहिलेल्या गावात वाटप कोण करणार, हा प्रश्न मागेच राहिला.

गांधीजींकडे असा प्रश्न विचारणारी माणसे असत. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा हे त्यांतले एक. अमेरिकेत शिकलेले, हिशेबतपासनीस. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. खुद्द गांधीजींच्या मंडळींचा खर्च निधीतून करायला त्यांनी नकार दिला, असा प्रसंग सांगतात. गांधीजींनी ते मानले. जमनालालजीही पैशाच्या बाबतीत तितकेच काटेकोर. विनोबांच्या भोवती मात्र १९५१ नंतर भक्त वाढत गेले आणि अडवणारे कमी होत गेले. जमनालालजी तर १९४२ मध्येच गेले होते. वयाने सहा वर्षांनी मोठे असून ते विनोबांना गुरू मानत, तरी व्यवहारात त्यांना चार शब्द सुनावण्याचा त्यांचा अधिकार होता. त्यांची जागा भरली गेली नाही.

१९७४-७५ मध्ये याची किंमत दिसली. १९५४ साली बोधगयेला भूदानासाठी जीवनदान जाहीर केलेले जयप्रकाश नारायण आता बिहारच्या आंदोलनात उतरले होते. सर्व सेवा संघात फूट पडली. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले होते. आणीबाणी आल्यावर त्यांचे म्हणून ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द बाहेर आले आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगवले. शब्दांचा मूळ अर्थ महाभारतातला, आचार्यांच्या अनुशासनाचा, असे समर्थक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. जानेवारी १९७६ मध्ये विनोबांनी पवनारला आचार्यांचे संमेलन भरवले. त्याचा सूर सरकारला रुचणारा नव्हता, हेही खरे. पुढे गोहत्याबंदीसाठी त्यांनी उपवास जाहीर केला, तेव्हा आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाचा अंक पोलिसांनी जप्त केला. तरीही तुरुंगात हजारो माणसे असताना हे दोन शब्द सत्ताधाऱ्यांच्या हाती गेले आणि ते परत घेतले गेले नाहीत. हा दोष साधा नव्हता. ‘विनोबा, हे चुकते आहे’ असे ज्याचे ऐकून ते थांबले असते, असा माणूस तेव्हा धाम नदीच्या काठावर नव्हता.

गांधीजींनी त्यांना एकट्याने उभे राहायला शिकवले. ते शिक्षण इतके पक्के झाले की पुढे कोणाचा टेकू घेणे त्यांना उरले नाही. एकाच तालमीची ही दोन फळे आहेत. पहिल्याचा गौरव करताना दुसरे झाकणे हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

विनोबांना हे कधीच उमगले नाही, असे मात्र म्हणता येत नाही. मार्च १९५९ मध्ये त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली : आजन्म साधना करू इच्छिणाऱ्या स्त्रियांचा आश्रम. त्या काळी धर्मसाधनेत स्त्रियांना असे स्वतंत्र स्थान देणे किती धाडसाचे होते, यावर वेगळा थ्रेड होऊ शकतो. स्थापना करून विनोबा तिथे राहिले नाहीत. ते पदयात्रेतच होते, परतले ते १९६४ मध्ये. पाच वर्षे भगिनींनी आपले आपण चालवले. गांधीजींनी त्यांच्यासाठी जे केले, तेच त्यांनी या स्त्रियांसाठी केले.

एका बाबतीत मात्र त्यांनी गुरूचा कित्ता सोडला. आश्रमाला प्रमुख नेमला नाही. महंत नाही, संचालिका नाही. निर्णय सर्वसंमतीने घ्यायचा. एकीचाही विरोध असेल तर थांबायचे, पुन्हा बोलायचे. अडवण्याचा अधिकार प्रत्येकीला.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनारलाच देह ठेवला. त्यानंतर कोणालाही गादीवर बसवण्यात आले नाही. शेती, कताई, सफाई, स्वयंपाक ही कामे तिथे वाटून होतात, आणि भाजी चिरायला बसणाऱ्यांत आश्रमात नव्याने आलेली बाई असते तशीच सर्वांत जुनीही.